आतून उघडणारं दार

मोटरहोमचं दार उघडत नाही, ही तक्रार चाकांवरच्या घराला नवी नाही. माणसं दिवसभर गाडी चालवून मुक्कामाच्या जागी पोचतात, गाडी जरा उतरत्या जमिनीवर लावतात, खाली उतरून पाय मोकळे करतात, आणि परत आत जायला जावं तर दार हलत नाही. किल्ली फिरते, मूठ ओढली जाते, दार मात्र चौकटीत घट्ट बसलेलं. कधी याच्या उलट होतं. माणूस आत असतो आणि दार बाहेर पडू देत नाही.

कारण साधं आहे. आपल्या घराची चौकट भिंतीत बसवलेली असते आणि भिंत जागची हलत नाही. मोटरहोमची चौकट लोखंडी सांगाड्यावर उभ्या केलेल्या हलक्या पेटीत बसवलेली असते. एक चाक दगडावर आणि दुसरं खळग्यात गेलं की सांगाडा किंचित पिळतो, त्यासोबत पेटी पिळते, आणि चौकटीचा काटकोन काही मिलिमीटरने बिघडतो. दार मात्र काटकोनातच राहतं. मग दाराची खिट्टी चौकटीतल्या पट्टीवर दाबली जाऊन अडकते. कुलूप शाबूत असतं, किल्ली बरोबर असते, फक्त खिट्टीवर एवढा भार आलेला असतो की घर्षणामुळे ती सरकत नाही. अशा वेळी बहुतेक जण मूठ जोरात ओढतात. मूठ आणि खिट्टी यांना जोडणारा आतला दुवा बारीक असतो. तो तुटला की साध्या अडचणीची मोठी दुरुस्ती होते.

जाणकार मिस्त्री ओढत नाही, आधी ढकलतो. खांद्याने किंवा कमरेने दार आत दाबून धरायचं, खिट्टीवरचा भार गेला की मूठ हलक्या हाताने ओढायची. वेगळं कुलूप असेल तर तेही एकदा लावून पुन्हा उघडायचं. तेवढ्याने नाही झालं तर जॅक लावून गाडी समतल करायची. तरीही नाहीच, तर कुणीतरी ड्रायव्हरच्या दाराने किंवा खिडकीतून आत जायचं, दाराच्या आतल्या बाजूची पट्टी काढायची आणि खिट्टी स्क्रूड्रायव्हरने मागे सारायची. दार उघडल्यावर चौकटीतली पट्टी पुन्हा जागेवर बसवायची आणि खिट्टीला वंगण द्यायचं. यातली ‘आधी दाब काढा, मग उघडा’ ही गोष्ट पुढच्या सगळ्या हकिगतीत उपयोगी पडणार आहे.

कारण हीच अडचण एकदा अशा ठिकाणी आली, जिथे जॅक लावायला वेळ नव्हता. आणि गंमत अशी की त्या हकिगतीच्या दोन्ही टोकांना चाकांवरची घरं उभी आहेत. १६ जुलै १९६९ च्या सकाळी आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना प्रक्षेपण तळावर नेणारी गाडी म्हणजे क्लार्क कॉर्टेझ या बनावटीचं थोडे फेरफार केलेलं मोटरहोम होतं. फोर्कलिफ्टसाठी प्रसिद्ध असलेल्या क्लार्क कंपनीने सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी ते बनवलं होतं. आठ दिवसांनी, २४ जुलैला, चंद्रावरून परतलेले हेच तिघे विमानवाहू जहाजाच्या पोटात उभ्या असलेल्या एका एअरस्ट्रीम ट्रेलरमध्ये शिरले आणि त्यांच्यामागे दार बंद झालं. या दोन दारांच्या मधे यानाचं दार होतं. त्या दाराला जे रूप मिळालं, त्याची किंमत तीन माणसांनी मोजली होती.

कवचाला भोक

आधी त्या चंदेरी ट्रेलरबद्दल. हॉली बौलस हा ग्लायडर बनवणारा माणूस. लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुई’च्या बांधणीवर कारखान्यात देखरेख करणारा तोच. १९३४ मध्ये त्याने विमानाचीच रीत वापरून, म्हणजे ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून, ‘रोड चीफ’ नावाचा ट्रेलर बनवला. त्याचं दार समोर होतं, मोटारीला जोडणाऱ्या दांड्याच्या बरोबर वर. म्हणजे घरात शिरायचं तर आधी दांडा ओलांडायचा.

आज ही जागा विचित्र वाटते, पण त्यात तर्क होता. अंड्यासारख्या पोकळ कवचाची ताकद त्याच्या अखंडपणात असते. भार सगळ्या पत्र्यावर पसरतो, आत वेगळा जड सांगाडा लागत नाही. अशा कवचाच्या लांब बाजूला दाराएवढं भोक पाडलं की भार त्या भोकाला वळसा घालून जाऊ लागतो आणि चौकटीच्या कोपऱ्यांवर गोळा होतो. बौलसचा धंदा लवकरच बसला. त्याच्याबरोबर काम केलेल्या वॉली बायमने १९३६ मध्ये त्याच धाटणीचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. त्याने केलेला एक महत्त्वाचा बदल म्हणजे दार बाजूला नेणं. त्यासाठी चौकट मजबूत करावी लागते, वजन वाढतं, पण माणसाला दारातून माणसासारखं आत जाता येतं.

हलक्या कवचाला दार बसवणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच असतो. दार जितकं सोयीचं, तितकं कवच कमजोर. आणि दार जितकं घट्ट, तितकं आतल्या माणसासाठी अवघड. अंतराळयान हे असंच एक हलकं कवच आहे. फरक इतकाच, की त्याच्या आत हवा असते आणि बाहेर काहीच नसतं.

आपोआप उघडलेलं दार

मर्क्युरी यानं अमेरिकेची पहिली माणसं नेणारी यानं. सुरुवातीच्या आराखड्यात अंतराळवीराने यानाच्या निमुळत्या टोकातून सरपटत बाहेर पडावं अशी कल्पना होती. बाजूला दार होतं, त्याला हॅच म्हणत, पण ते बोल्टने पक्कं बसवलेलं असे. जखमी माणूस निमुळत्या टोकातून कसा बाहेर येणार, हा अंतराळवीरांचा प्रश्न रास्त होता. मे १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड गेला तेव्हा त्याच्या हॅचला यांत्रिक खिट्ट्या होत्या. ते हॅच जड होतं, आणि पुढे कक्षेत जाणाऱ्या यानाला ते वजन परवडणारं नव्हतं.

तोडगा निघाला तो स्फोटक हॅचचा. टायटॅनियमचे ७० बोल्ट, प्रत्येकाला मुद्दाम बारीक छिद्र पाडून कमजोर केलेलं, आणि त्यांच्या बाजूने फिरवलेली स्फोटक वात. आतल्या माणसाने पिन काढून एक खटका दाबला की सगळे बोल्ट एकदम तुटणार आणि दार उडून जाणार. वजन आधीच्या हॅचच्या निम्म्याहूनही कमी.

२१ जुलै १९६१ रोजी गस ग्रिसम ‘लिबर्टी बेल ७’ मधून गेला. जेमतेम पंधरा मिनिटांचं उड्डाण ठरल्याप्रमाणे झालं, यान अटलांटिकमध्ये उतरलं. हेलिकॉप्टर जवळ येत असताना हॅच अचानक उडालं आणि समुद्राचं पाणी आत शिरलं. ग्रिसम बाहेर पडला आणि लाटांत पोहू लागला. त्याच्या पोशाखात पाणी भरत होतं, खिशात मित्रांना आठवण म्हणून द्यायला नेलेली नाण्यांची पुडकी होती. त्याला वाचवण्यात आलं, यान मात्र बुडालं.

ग्रिसमने शेवटपर्यंत सांगितलं की खटका मी दाबला नाही. घाबरून दाबला असेल, अशी कुजबुज मात्र त्याच्यामागे राहिली. त्याच्या बाजूने बोलणारा एक पुरावा पुढच्या वर्षी मिळाला. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा उड्डाण संपवून जहाजावर पोचला आणि त्याने ते हॅच मुद्दाम खटका दाबून उडवलं. खटक्याच्या उलट्या धक्क्याने त्याच्या हाताला जखम झाली. ग्रिसमच्या हातावर तसलं काहीच नव्हतं.

यंत्रणेने मात्र या प्रसंगातून धडा घेतला तो असा: दार नको तेव्हा उघडू शकतं, हा खरा धोका.

अडलेलं दार

जून १९६५. जेमिनी ४ मधून जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट कक्षेत गेले होते. व्हाइट यानाबाहेर पडून अंतराळात तरंगणारा पहिला अमेरिकन ठरणार होता. त्यासाठी त्याच्या डोक्यावरचं हॅच उघडायला हवं होतं, आणि ते उघडेना. खिट्ट्यांच्या यंत्रणेतली एक स्प्रिंग नीट काम करत नव्हती, त्यामुळे दाते एकमेकांत बसत नव्हते.

मॅकडिव्हिटला हा बिघाड ओळखीचा होता. जमिनीवरच्या चाचणीत असंच हॅच अडलं होतं, तेव्हा त्याने तंत्रज्ञासोबत बसून ती यंत्रणा आतून कशी चालते ते बघून घेतलं होतं. अवजड हातमोजे घालून त्याने ते दाते जागेवर बसवले आणि दार उघडलं. व्हाइट सुमारे वीस मिनिटं बाहेर तरंगला. आजही जगभर छापली जाणारी ती छायाचित्रं त्याच वेळची. परत आल्यावर खरी परीक्षा होती, कारण आता तेच हॅच बंद होऊन खिट्टी लागेना. ती लागली नसती तर वातावरणात परतताना दोघेही जिवंत राहिले नसते. व्हाइट हा अंतराळवीरांतला सगळ्यांत दणकट गडी समजला जाई. दोघांनी मिळून झटापट केली आणि दार लागलं. वापरलेलं सामान बाहेर फेकण्यासाठी हॅच पुन्हा एकदा उघडायचं ठरलं होतं, तो बेत मॅकडिव्हिटने रद्द केला.

मी सॉफ्टवेअर लिहिते, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत बसवण्यात आमचे आठवडेच्या आठवडे गेले होते. एका केसाएवढा उंचवटा राहिला तरी जोड बसत नाही, आणि तो उंचवटा कुठे आहे हे बोटांनाच कळतं. जेमिनी ४ ची हकिगत वाचताना मला सर्वांत भावतं ते मॅकडिव्हिटचं ते आधी बघून ठेवणं. कुठल्याही दुरुस्तीचा अर्धा भाग बिघाड होण्याआधीच झालेला असतो.

पण हे दार अडण्याचं प्रकरण निभावून गेलं. निभावून गेलेल्या गोष्टींचा धडा सहसा कुणी घेत नाही.

१७ सेकंद

अपोलो यानाच्या दाराचा आराखडा ठरत होता तेव्हा बनवणाऱ्या कंपनीने स्फोटाने बाहेर उडणारं हॅच सुचवलं होतं. नासाने ते नाकारलं. लिबर्टी बेलसारखं दार आपोआप उडालं तर? समुद्रात निदान पोहता तरी येतं, चंद्राच्या वाटेवर काय करायचं? म्हणून निवडलं गेलं ते आत उघडणारं दार, बाटलीला आतून बसवलेल्या बुचासारखं. अंतराळात आतल्या हवेचा दाब या दाराला चौकटीवर दाबून धरतो. जितका दाब जास्त, तितकं दार घट्ट. ते चुकून उघडणं शक्यच नाही. कागदावर ही रचना सुरेख आहे.

प्रत्यक्षात दारं तीन होती. सर्वांत आत हे आत उघडणारं हॅच, त्याबाहेर उष्णतेपासून बचाव करणारं हॅच, आणि त्याबाहेर उड्डाणाच्या वेळच्या संरक्षक आवरणाचं. आणीबाणीत बाहेर पडायचं तर आधी झडप उघडून आतला दाब बाहेरइतका करायचा. मग मधल्या आसनावरच्या माणसाचं डोकं टेकवायचं आधार-पॅड डावीकडच्याने खाली घ्यायचं, म्हणजे मधल्याला डाव्या खांद्यावरून मागे हात नेऊन एका पान्यासारख्या हत्याराने खिट्ट्या सोडवता येतील. या सगळ्याला कमीत कमी ९० सेकंद धरलेले होते. सरावात तेवढ्या वेळात ते कधीच जमलं नव्हतं.

२७ जानेवारी १९६७ च्या संध्याकाळी केप केनेडीच्या ३४ क्रमांकाच्या तळावर यानाची चाचणी चालू होती. खालच्या अग्निबाणात इंधन नव्हतं, म्हणून ही चाचणी धोकादायक गणली गेली नव्हती. डावीकडे गस ग्रिसम, मधे एड व्हाइट, उजवीकडे रॉजर चॅफी. यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता, आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा मुद्दाम थोडा जास्त, चौरस इंचाला १६.७ पौंड.

संध्याकाळी साडेसहानंतर ग्रिसमच्या आसनाजवळच्या तारांच्या भागात ठिणगी पडली असावी. नेमकी कुठे, हे चौकशीतही निश्चित सांगता आलं नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एरवी सावकाश जळणाऱ्या वस्तू भडकून पेटतात. आगीची पहिली सूचना देणारा आवाज आला तिथपासून संपर्क तुटेपर्यंत गेले ते १७ सेकंद.

आता ती मिस्त्रीची युक्ती आठवा: आधी दाब काढा, मग उघडा. आग लागण्यापूर्वीच आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला दोन पौंडांनी जास्त होता. दोन पौंड म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दाराच्या प्रत्येक चौरस फुटावर तो भार १३० किलो होतो. आग भडकली तशी आतली हवा तापली आणि दाब चढत गेला. चौरस इंचाला २९ पौंडांच्या आसपास यानाचं कवच फुटलं. त्या क्षणी दाराच्या दर चौरस फुटावर नऊशे किलोंहून जास्त भार होता, आणि दार त्या भाराच्या विरुद्ध, आत ओढायचं होतं. झडप एवढा दाब इतक्या वेगाने सोडूच शकत नव्हती. कितीही ताकदीचा माणूस असता तरी ते उघडलं नसतं.

मधल्या आसनावर, ते दार उघडण्याची जबाबदारी असलेला माणूस होता एड व्हाइट. दीड वर्षांपूर्वी अंतराळात अडलेलं हॅच बंद करणारा. आणि त्याच्या डावीकडे, झडपेजवळ, होता गस ग्रिसम. साडेपाच वर्षांपूर्वी त्याच्या यानाचं दार नको तेव्हा उघडलं, तेच पुन्हा होऊ नये म्हणून यावेळचं दार इतकं घट्ट केलेलं होतं.

बाहेरच्या तंत्रज्ञांना धुरातून वाट काढत तिन्ही दारं उघडायला सुमारे पाच मिनिटं लागली. तिघेही गुदमरून गेले होते.

पाच सेकंद

ही हकिगत अनेकदा ‘नासाचा निष्काळजीपणा’ या शीर्षकाखाली सांगितली जाते. निष्काळजीपणा होता, आणि तो चौकशी मंडळाने एप्रिल १९६७ च्या अहवालात नोंदवलाही. पण दाराबाबत झालं ते वेगळं होतं. तिथे काळजी घेतली गेली होती, आणि ती मागच्या अपघाताची होती. आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं. एखादी यंत्रणा बंद पडते, रात्रभर जागून कारण सापडतं, आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून एक कडक तपासणी घातली जाते. काही महिन्यांनी यंत्रणा पुन्हा बंद पडते, या वेळी त्या तपासणीमुळे. आमच्याकडे त्यात कुणाचे पैसे अडकतात, कुणाचं तिकीट निघत नाही. फरक तेवढाच, आणि तो फार मोठा आहे.

त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की दार बदलायचं आधीच ठरलेलं होतं. अंतराळवीरांनी बाहेर उघडणाऱ्या हॅचची मागणी केली होती आणि यानाच्या पुढच्या आवृत्तीत ते येणारही होतं. पण मागणीचं कारण अंतराळात बाहेर पडण्याची आणि मोहिमेनंतर उतरण्याची सोय, हे होतं. आगीतून सुटणं हे कारण त्यात नव्हतं. पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलेल्या सुधारणांची यादी प्रत्येक प्रकल्पाकडे असते. तिच्यातली कुठली ओळ जीव वाचवणारी आहे, हे ती यादी कधी सांगत नाही.

नव्या यानात आतली दोन दारं जाऊन एकच हॅच आलं. ते बाहेर उघडायचं. दांडा मारला की चहूबाजूंच्या खिट्ट्या एकदम मागे सरत, आणि दाबलेल्या वायूच्या मदतीने जड दार उघडत जाई. आतून उघडायला पाच सेकंदही लागत नसत. वजन वाढलं, ते स्वीकारलं. आतल्या हवेचा दाब आता दार उघडायला मदत करत होता, म्हणून ते मिटलेलं ठेवायचं काम पूर्णपणे खिट्ट्यांवर आलं, आणि त्या तेवढ्या भक्कम केल्या. चुकून उघडण्याची भीती गेली नव्हती. पण आता ती भीती खिट्ट्यांनी सांभाळायची होती, तिचा भार आतल्या माणसावर नव्हता. शिवाय तळावर असताना यानात शुद्ध ऑक्सिजनऐवजी ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन भरू लागले, आणि पेट घेणाऱ्या वस्तू शोधशोधून काढल्या.

जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर असे. भिंतीतल्या खोबणीतून ओढून तो दाराला आडवा लावायचा. बाहेरून दहा माणसांनी धडका दिल्या तरी तो हलत नाही, आणि आतून घरातलं पोरही तो मागे सारू शकतं. ‘घट्ट’ आणि ‘उघडायला सोपं’ या गोष्टी परस्परविरोधी नसतात. कोणाच्या बाजूने घट्ट आणि कोणाच्या बाजूने सोपं, हे ठरवावं लागतं. अपोलोचं नवं हॅच हे त्या अडसराच्या कुळातलं होतं.

बंद ठेवलेलं दार

आता पुन्हा त्या ट्रेलरकडे. चंद्रावर जंतू असण्याची शक्यता शास्त्रज्ञांना फार कमी वाटत होती, पण ती शून्य आहे असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. म्हणून चंद्रावरून परतलेल्यांना २१ दिवस वेगळं ठेवायचं ठरलं. ह्यूस्टनमध्ये त्यासाठी खास प्रयोगशाळा बांधली. पण समुद्रात उतरल्यापासून ह्यूस्टनला पोचेपर्यंत त्यांना कुठे ठेवायचं? इथे ॲल्युमिनियमचं ते जुनं कवच कामी आलं. ३५ फुटी एअरस्ट्रीममध्ये फेरफार करून चार फिरती विलगीकरण घरं बनवण्यात आली. झोपायच्या जागा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं आत. चाकं काढलेली, कारण हे घर जहाजावर आणि विमानात चढवायचं होतं.

त्याच्या दाराची युक्ती अपोलोच्या जुन्या हॅचच्या बरोबर उलट होती. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम कमी ठेवलेला. कुठे फट राहिलीच तर हवा बाहेरून आत येणार, आतली बाहेर जाणार नाही, आणि जी बाहेर सोडली जाई ती गाळून. तिघा अंतराळवीरांसोबत आत आणखी दोघे होते: डॉक्टर विल्यम कार्पेंटिअर आणि ट्रेलरची यंत्रणा सांभाळणारे इंजिनिअर जॉन हिरासाकी. राष्ट्राध्यक्ष निक्सन ‘हॉर्नेट’ जहाजावर स्वागताला आले होते. त्यांनी वाकून मागच्या खिडकीच्या काचेतून गप्पा मारल्या. त्या छायाचित्रात जगातली सर्वांत प्रसिद्ध तीन माणसं एका कॅम्पिंगच्या गाडीच्या खिडकीत दाटीवाटीने बसून हसताना दिसतात. सुमारे ६५ तास ती त्या ट्रेलरमध्ये होती. १० ऑगस्टला प्रयोगशाळेतून त्यांची सुटका झाली. अपोलो १४ नंतर हे विलगीकरण बंदच केलं गेलं.

या व्यवस्थेत एक उघडी फट होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. समुद्रात उतरल्यावर यानाचं हॅच उघडावं लागलं. पाणबुड्याने विलगीकरणाचे पोशाख आत टाकले, ते घालून तिघे तराफ्यावर उतरले. चंद्रावरचे जंतू असतेच, तर ते त्याच वेळी प्रशांत महासागरावर मोकळे झाले असते. हॅच बंद ठेवून माणसांसकट यान जहाजावर उचलून घ्यावं, हाही पर्याय चर्चेत होता, पण तो सोडून देण्यात आला. लाटांवर हेलकावणाऱ्या बंद यानात माणसांना अडकवून ठेवणं जास्त धोक्याचं होतं. सगळ्या पृथ्वीची काळजी एका बाजूला आणि आतल्या तिघांची दुसऱ्या बाजूला, असा तो पेच होता. दार उघडलं गेलं. तो निर्णय बरोबर होता का, यावर आजही वाद घालता येतो. पण अडीच वर्षांपूर्वीच्या १७ सेकंदांनंतर आत माणसं असलेलं दार मिटूनच ठेवा, असं म्हणणं सोपं राहिलेलं नव्हतं.

उरलेली दारं

लिबर्टी बेल ७ यान १९९९ मध्ये अटलांटिकच्या तळातून, साडेचार किलोमीटरहून जास्त खोलीवरून वर काढलं गेलं. त्याचं उडालेलं हॅच सापडलं नाही, त्यामुळे ते का उडालं हेही खात्रीने कधी कळणार नाही. चंद्रवीरांचा ट्रेलर व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या उड्वार-हेझी केंद्रात ठेवलेला आहे. अपोलो १ ची हॅच अनेक वर्षं लोकांच्या नजरेआड बंद होती. २७ जानेवारी २०१७ रोजी, दुर्घटनेला ५० वर्षं झाली त्या दिवशी, ती केनेडी अंतराळ केंद्रात प्रदर्शनात मांडली गेली, आणि तिथेच नव्या रचनेचं हॅचही पाहायला मिळतं.

अमेरिकन मोटरहोममध्ये मुख्य दाराशिवाय बाहेर पडायची आणखी एक वाट असते. बहुतेक वेळा झोपायच्या जागेजवळची एक खिडकी, लाल खटक्याची, जी आतून ढकलली की पूर्ण उघडते. आपल्या एसटीत ‘संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग’ अशी पाटी असते, तिची ही बहीणच. दोन्हींचं दुखणंही सारखं: वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही, रबर चिकटून बसतं, त्याच्यासमोर पिशव्या रचल्या जातात.

म्हणून मोटरहोमचं दार दुरुस्त झालं, खिट्टीला वंगण मिळालं, मूठ सुरळीत फिरू लागली, तरी काम संपलेलं नसतं. मग एकाने आत जायचं, दार ओढून घ्यायचं आणि ते आतून उघडून पाहायचं. गाडी तिरकी उभी असताना, अंधारात, एका हाताने. त्यानंतर ती लाल खटक्याची खिडकीही एकदा पूर्ण उघडायची आणि तिच्यासमोरच्या पिशव्या दुसरीकडे ठेवायच्या. पाच मिनिटांचं काम आहे.